क्षयरोग्याच्या घरचा शिधा

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली बर्लिन येथे शोधून काढला, तथापि त्या जंतूवर चालणारे पहिले प्रभावी औषध, म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन, हाती येण्यास त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लोटावी लागली. आणि या प्रदीर्घ मधल्या काळात डॉक्टरांपाशी रोग्यास देण्याजोगे जे होते ते मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच असल्यामुळे मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे याच तीन गोष्टींच्या भरवशावर चालत असत.

औषधे आली आणि हा भरवसा अनावश्यक ठरला. मद्रास येथे 1956 साली सुरू झालेल्या एका विख्यात प्रयोगात काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवण्यात आले, तर काहींना शहरातील दरिद्री वस्त्यांमधल्या त्यांच्या राहत्या घरीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्यांचे अन्न निकृष्ट, जागा अपुरी आणि कष्ट अधिक असूनही वर्षाअखेर दोन्ही गटांतील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. रुग्णालयातील खाटेची वाट पाहत मरण्याची पाळी या निष्कर्षामुळे असंख्य गोरगरिबांवर येऊ शकली नाही, आणि हे उपकार थोर आहेत. परंतु औषध चालू असताना निकृष्ट अन्नावरही रोगी बरा होऊ शकतो, या मर्यादित सिद्धान्तातून क्षयाच्या बाबतीत अन्नास महत्त्वच नाही असे एक अनुमान हळूहळू रूढ झाले, ज्यास त्या प्रयोगाचा आधार नव्हता. आणि सरकारी क्षयनियंत्रणाच्या दफ्तरातून आहाराचे कलम कित्येक दशके जवळजवळ बेपत्ता झाले.

जंतू शरीरात शिरणे निराळे आणि क्षय होणे निराळे. बाधा झालेल्या शंभर माणसांपैकी उभ्या आयुष्यात पाच ते दहाजणांनाच प्रत्यक्ष रोग होतो. इतरांच्या शरीरातील पेशी त्या जंतूस कोंडून ठेवतात. पोट दीर्घकाळ अर्धे राहिले की ज्या पेशींवर या कोंडीची सारी मदार, त्यांचेच बळ खचते. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा जो बीएमआय नावाचा निर्देशांक आहे, तो एका अंकाने उतरला की क्षयाचा संभव सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो, असे अनेक देशांतील पाहण्यांवरून दिसून आले आहे. रोग्याच्या घरातील माणसांना बाधा बहुधा निदानापूर्वीच होऊन गेलेली असते; तेव्हा त्यांच्यापैकी कोण आजारी पडणार, हा प्रश्न पुष्कळ अंशी त्यांच्या ताटाचा आहे.

हे अन्न देऊनच पाहावे, असे मंगळुरूचे डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांनी ठरविले. झारखंडच्या चार जिल्ह्यांतील 28 क्षयरोग पथकांच्या हद्दीत 2019 सालच्या ऑगस्टपासून त्यांनी 2,800 रोगी आणि त्यांच्या घरची 10,345 माणसे यांची नोंद करून त्यांचे दोन गट पाडले; यांतील सुमारे दोनतृतीयांश माणसे संथाळ, हो, मुंडा, उराँव अशा आदिवासी समाजांतील होती. रोग्याला, मग तो कोणत्याही गटातला असो, दरमहा दहा किलोंचा शिधा मिळे: पाच किलो तांदूळ, तीन किलो सत्तू, दीड किलो दूधपूड आणि अर्धा लिटर तेल. एका गटात मात्र घरच्या प्रत्येक माणसासही दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. पुढे ठेवलेल्या पाळतीत आढळले ते असे, की ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्या क्षयरोग्यांचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिले, आणि जो क्षय खोकल्यावाटे इतरांस लागतो त्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण तर 48 टक्क्यांनी घटले. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बीसीजी लस संरक्षण देत नाही, ही चिंगलपेटच्या मोठ्या चाचणीतील निराशा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांचे मोल सांगावे लागणार नाही.

रोग्यांच्या वजनाची नोंद वाचून तर मन विषण्ण होते. उपचारास आरंभ झाला तेव्हा या प्रौढ माणसांचे सरासरी वजन 43 किलोंनाही पुरे भरत नव्हते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे सुमारे दोन किलोंनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांहून 61 टक्के कमी आढळला. वजन वाढले म्हणून माणूस वाचला की वाचणाऱ्याचेच वजन वाढले, याचा निवाडा केवळ या आकड्यांवरून होत नाही; पण दर भेटीस रोग्याला काट्यावर उभे करून तो आकडा पत्रकात लिहिणे एवढ्या अल्प खर्चात धोक्यातील माणूस वेळीच ओळखता येत असेल, तर ही तजवीज प्रत्येक आरोग्य केंद्रात सक्तीची व्हावयास हवी.

सरकारने 2018 पासून क्षयरोग्यास पोषणासाठी दरमहा 500 रुपये देण्यास आरंभ केला, 2024 च्या नोव्हेंबरपासून ती रक्कम दुप्पट केली आणि देणगीदारांमार्फत पोहोचणारा शिधा घरच्यांपर्यंत नेण्याचेही मान्य केले, हे स्वागतार्ह होय. परंतु जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तेथे ही गोष्ट देणगीदारांच्या औदार्यावर सोपविणे मला पटत नाही. अन्नसुरक्षा कायदा 2013 सालचा. त्या कायद्यान्वये बहुतेक लाभार्थी कुटुंबांना माणशी दरमहा मिळते ते धान्यही पाच किलोच, म्हणजे झारखंडच्या प्रयोगात घरच्यांस मिळाला तितकाच तांदूळ. उणीव आहे ती दीड किलो डाळीची. ज्या घरात क्षयाचा रोगी आढळला त्या घराच्या शिधापत्रिकेवर, उपचार चालू असेतोवर, माणशी एवढी डाळ चढविण्यास नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. दुकान आहे, पत्रिका आहे, रोग्याची सरकारी नोंदही आहे. मराठवाडा आणि विदर्भ येथे तूर अमाप पिकते. तेव्हा या कामी पहिली मंजुरी महाराष्ट्र शासनाने द्यावी, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.