एक डोळा भिंगात, एक कागदावर

पहाटे पाच ते सहा ही दवाखान्याची वेळ ठेवणाऱ्या डॉक्टरला पेशंट नको आहेत, हे उघड आहे. बर्लिनमधल्या एर्न्स्ट हेकेल या तरुण डॉक्टरने हीच वेळ ठेवली होती. वर्षभरात तिघंच जण फिरकले, असं त्याचे चरित्रकार सांगतात. घरच्यांच्या इच्छेखातर त्याने वैद्यकीची पदवी घेतली, पण आजारी माणसांत त्याचा जीव रमेना. तो रमला होता समुद्रात.

हे वेड लागलं १८५४ साली. हेकेल तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे गुरू योहानेस म्युलर उन्हाळ्यात त्याला उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर घेऊन गेले. होडीमागे बारीक विणीची जाळी ओढत न्यायची, ती समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत खंगाळायची आणि बरणी उजेडाकडे धरायची, अशी म्युलरांची पद्धत. नुसत्या डोळ्यांना पाणी जरासं गढूळ दिसायचं. भिंगाखाली मात्र तो गढूळपणा पोहत असायचा. आरपार दिसणारी शरीरं, केसांसारखे पाय, घंटेसारखी उघडझाप करणारे जीव. हेकेलने हे बघितलं आणि पेन्सिल हातात घेतली. चित्र त्याला लहानपणापासून येत होतं, आता त्याला विषय मिळाला.

पण गोष्ट इतकी सरळ गेली नाही. १८५९ साली तो संशोधनासाठी इटलीत गेला. नेपल्सला कामात मन लागेना. जवळच्या इस्किया बेटावर हेर्मान आल्मर्स हा कवी भेटला. तो चित्रंही काढायचा. दोघांचं जमलं. मग काप्री बेटावर उन्हं, कडे, निळं पाणी आणि जलरंगांची पेटी. सूक्ष्मदर्शक खोक्यात पडून राहिला आणि हेकेलच्या मनाने घेतलं की शास्त्र सोडून निसर्गचित्रकार व्हावं. बापाच्या पैशावर परदेशी गेलेला, डॉक्टर झालेला, लग्न ठरलेला पंचविशीतला मुलगा असं म्हणायला लागला की घरात काय होतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

त्याला वाट सापडली सिसिलीतल्या मेसिनात. ऑक्टोबर १८५९ मध्ये तो तिथे पोचला. मेसिनाच्या सामुद्रधुनीत प्रवाह असे घुसळतात की खोल पाण्यातले जीवही वर येतात. सकाळी होडी आणि जाळी, नंतर अंधार पडेपर्यंत सूक्ष्मदर्शक. इथे त्याला रेडिओलारिया भेटले. एकाच पेशीचा हा जीव, बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण अंगात सिलिकाचा, म्हणजे ज्या द्रव्यापासून काच होते त्याचा, सांगाडा. दिवाळीत आकाशकंदिलाच्या कामट्या बांधून झाल्यात आणि कागद अजून चिकटवायचाय, अशा वेळी तो जसा दिसतो तसा. फरक इतकाच की इथे कामट्या काचेच्या, कधी एका जाळीदार गोळ्याच्या पोटात दुसरा गोळा, त्याच्या पोटात तिसरा आणि सगळ्यांना भेदून बाहेर आलेले काटे. आणि हे सगळं मिठाच्या कणापेक्षाही लहान.

चित्रकाराला समुद्री जीव फार छळतात. जेलीफिश पाण्याबाहेर काढली की तिचा लगदा होतो, रंग उडतो, मनधरणी करूनही ती मॉडेल म्हणून बसत नाही. रेडिओलारियाचं मऊ अंग विरून गेलं तरी काचेचा सांगाडा मागे राहतो. हेकेल एका डोळ्याने सूक्ष्मदर्शकात बघायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या डोळ्याने कागद बघत रेघा ओढायचा. ही काही जादू नाही, सवयीने साधतं, पण करून बघितल्यावर माझं तर डोकं दुखायला लागलं.

त्या एका मोसमात दीडशेच्या आसपास नव्या जाती त्याच्या हाती लागल्या. १८६२ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाला ३५ चित्रपत्रं होती आणि ती त्याने स्वतः काढलेली. त्याच वर्षी येना विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली आणि आना झेटेशी लग्न झालं. दीड वर्षात, १६ फेब्रुवारी १८६४ रोजी, ती गेली. तो त्याचा तिसावा वाढदिवस होता. पुढे एका जेलीफिशला त्याने तिचं नाव दिलं. लांब मोकळ्या केसांसारखे धागे सोडणारी ती जेलीफिश त्याच्या प्रसिद्ध चित्रसंचात आठव्या पानावर मधोमध आहे. हा तो संच: १८९९ ते १९०४ या काळात दहा हप्त्यांत निघालेली शंभर पत्रं, ‘निसर्गातली कलारूपं’ म्हणावीत असे जीव त्यांवर मांडलेले. शिळाछपाईसाठी ती दगडावर उतरवली आडोल्फ गिल्च या कसबी कारागिराने. त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून इथे घेतो. १९००च्या पॅरिस प्रदर्शनाचं भव्य प्रवेशद्वार रने बिने या वास्तुरचनाकाराने हेकेलच्या एका रेडिओलारियावरून बेतलं. मिठाच्या कणापेक्षा लहान जीवाखालून लाखो माणसं आत गेली.

मुंबईलाही तो येऊन गेलाय. नोव्हेंबर १८८१ मध्ये श्रीलंकेला जाताना आठवडाभर तो इथे होता, घारापुरीला जाऊन आला आणि प्रवासवर्णनात त्याने मुंबईवर एक प्रकरणच लिहिलं.

इथवर कौतुक झालं. आता दुसरी बाजू. सुंदर रेघ ओढणाऱ्या हाताला एक खोड असते, वाकडं दिसलं की तो सरळ करतो. हेकेलची चित्रं फार समतोल आहेत. प्रत्येक काटा जिथल्या तिथे, एकही मोडका नाही. समुद्रात असं कुठे असतं? १८६८च्या एका पुस्तकात तर त्याने कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ सुरुवातीला सारखेच असतात हे दाखवायला एकच ठसा तीनदा छापला. पकडला गेला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली, पण तो डाग गेला नाही. माणसांच्या वंशांची उच्च-नीच उतरंड त्याने मांडली, तो डाग आणखी गडद. माणसांना चित्रपत्रावरच्या नमुन्यांसारखं वरखाली लावायची ही हौस त्याच समतोलाच्या वेडातून आली असेल का, हा प्रश्न ती सुंदर पानं उलटताना मला सुटत नाही.

माझी भाची उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ही पानं मी तिला दाखवली. ‘मामा, हे फारच इस्त्री केलेलं आहे,’ ती म्हणाली. अमावास्येच्या उधाणानंतर पाणी खूप मागे जातं, तेव्हा ती मला मुंबईतल्या कार्टर रोडच्या खडकांत घेऊन गेली. डबक्यात समुद्रफूल पसरलेलं होतं. तिने अर्धं काढलं आणि आमची सावली पडताच त्याने बोटं मिटून घेतली. कागद खाऱ्या हवेने सादळला होता, रबर फिरवलं की पापुद्रे निघत होते. मग तिला एक खेकडा दिसला. एक नांगी भरदार, दुसऱ्या बाजूला नखाएवढी, नुकती फुटणारी. कालवं काढायला बसलेली एक आजी मान वळवून म्हणाली, ‘मोडली होती, आता नवी येतेय.’ भाचीने नांगी होती तेवढीच लहान काढली, आणि कोपऱ्यात तारीख व ओहोटीची वेळ लिहिली. पाणी चढायला लागलं होतं, तरी ती उठेना. शेवटी आजीच आमच्यावर ओरडली.