आरशातला डाव

पांढऱ्यानं सी4 खेळलं, काळ्यानं सी5. मग दोन्हीकडून घोडे निघाले, जी3-जी6 झालं, उंट लांब कर्णावर बसले, किल्लेकोटही झाले. सहा खेळ्यांनंतर पट आरशात पाहावा तसा. रेटिंग स्पर्धेत असा डाव दिसला की प्रेक्षक पुढच्या टेबलाकडे सरकतात. सिमेट्रिकल इंग्लिश म्हणजे बरोबरीच, हा त्यांचा पक्का समज. मी हे ओपनिंग दोन्ही रंगांनी खेळतो, आणि मला तो समज साफ चुकीचा वाटतो.

सातवी खेळी डी4. इथेही काळ्यानं नक्कल करून डी5 केलं, तर पांढरा सी5 वरचं प्यादं आधी मारतो आणि एका खेळीची आघाडी बोचू लागते. म्हणून काळा डी4 वरच मारतो. घोड्यांची मारामारी होते, पांढरा वजीर डी4 वर येतो, काळा डी6 खेळतो. आता वजीर आणि जी7 चा उंट एकाच कर्णावर, मध्ये फक्त एफ6 चा काळा घोडा. तो हलला की वजिरावर मारा. त्यामुळे पांढरा बहुतेकदा लगेच वजीर डी3 वर घेतो. आक्रमण करायला निघालेल्यालाच आधी माघार घ्यावी लागते!

नक्कल कधी सोडायची, हाच या ओपनिंगचा गाभा. 1970 मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्याच्या दुसऱ्या फेरीत पेट्रोस्यानकडे पांढरी मोहरी होती. चार खेळ्यांनंतर दोन्ही बाजू सारख्या. पाचव्या खेळीला काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फिशरनं ई6 केलं, सहाव्या खेळीला घोडा ई7 वर आणला. एफ6 वर गेला असता तर त्यानं आपल्याच उंटाची वाट अडवली असती. आठव्या खेळीला डी5, आणि मध्यावर काळ्याचं वजन. बचावासाठी नावाजलेला माजी जगज्जेता पेट्रोस्यान तो डाव हरला.

हा डाव मी लाकडी पटावरच लावतो. संगणकावर बाण दाबत गेलं की ती सहावी खेळी नजरेतून निसटते.

नव्या खेळाडूंनी एवढं करावं: डाव मांडा, पांढऱ्याच्या पाचव्या खेळीनंतर थांबा, आणि काळ्याकडून तुम्ही काय खेळला असता ते कारणासकट वहीत लिहा. फिशरची खेळी त्यानंतरच बघा.