चासची लेक आणि पाबळची कबर

यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मुलींनी 'पिंगा'वर नाच केला, तो आपण सगळ्यांनी पाहिलाच. नाच झकास झाला. पण त्याआधी महिनाभर आमच्या बेसमेंटमध्ये तालमी चालू होत्या आणि तिथे केवढा पेचप्रसंग उभा राहिला होता, हे मायबाप प्रेक्षकांना ठाऊक नाही. झालं असं की, सगळ्याच मुलींना मस्तानी व्हायचं होतं. काशीबाई व्हायला एकही तयार नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. जिच्या नावाची चिठ्ठी निघाली, ती कोपऱ्यात रुसून बसली. म्हणे, "पण ती नुसती वाईफ आहे ना!"

मुली गेल्यावर चहाचे कप गोळा करता करता सौ. म्हणाली, "ऐकलंत? नुसती वाईफ!" आम्ही पडलो इंजिनिअर. अशा वेळी गप्प बसावं, एवढं शहाणपण वीस वर्षांच्या संसारात आम्हाला आलेलं आहे. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

आपल्या भाषेत लग्नाच्या बायकोला शब्द मोजकेच आणि सगळे मानाचे. 'दुसरी'ला मात्र नाटकशाळा, रखेली, ठेवलेली, असे किती तरी. त्यातला 'अंगवस्त्र' आम्हाला सगळ्यात बोलका वाटतो. अंगवस्त्र म्हणजे खांद्यावरचं उपरणं. बाहेर मिरवायला घ्यायचं, घरी आलं की खुंटीला टांगायचं. ज्या कुणी हा शब्द काढला, त्याला पुरुषाचा स्वभाव पुरता कळला होता. धोतराशिवाय भागत नाही आणि उपरण्याशिवाय शोभा नाही! (हे वाक्य सौ.ने कापायला सांगितलं होतं. संपादकांवर सोपवतो.)

मस्तानीला त्या शब्दात बसवणं अन्यायाचं आहे, हे मात्र आधीच सांगतो. १७२९ मध्ये बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावून गेले. त्यानंतर मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली, असं बहुतेक जण मानतात. ती छत्रसालाची मुलगी की दरबारातली कलावंतीण, रीतसर लग्नाची की बिनलग्नाची, यावर अजून वाद चालू आहेत. पण पुण्याने तिला काय मानलं, यात वाद नाही. शनिवारवाड्यात तिच्या नावाचा दरवाजा झाला, कोथरूडला महाल झाला (त्याचे अवशेष केळकर संग्रहालयात आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील), पाबळ, केंदूर, लोणी ही गावं तिला मिळाली. म्हणजे प्रेम मिळालं, उत्पन्न मिळालं. देवघरात बाजीरावांच्या शेजारचा पाट मात्र मिळाला नाही. तो काशीबाईंचा.

आम्हाला या सगळ्यात एक साल फार बोचतं, १७३४. त्या एकाच वर्षी बाजीरावांना दोन मुलगे झाले. काशीबाईंना रघुनाथराव आणि मस्तानीला समशेर. बाप एकच. समशेरची मुंज करावी असं बाजीरावांच्या मनात होतं, ब्रह्मवृंदाने साफ नकार दिला, असं सांगतात. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या नावाने चळचळा कापत होता, त्या पेशव्याला स्वतःच्या पोराच्या गळ्यात जानवं घालता येईना! १७४० च्या सुरुवातीला पुण्यात रघुनाथरावांची मुंज ठरली, तेव्हा मस्तानी घरच्यांच्याच पहाऱ्यात होती आणि बाजीराव मोहिमेवर.

२८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. वय चाळिसाच्या आतबाहेर, म्हणजे आमच्याहूनही लहान. त्या वेळी जवळ होत्या काशीबाई. मस्तानी इकडे, दूर. तीही पाठोपाठ गेली. कशाने गेली, याच्या कथा अनेक, पुरावा एकाचाही नाही.

आणि समशेर? सहा वर्षांचं पोरकं पोर. त्याला काशीबाईंनी आपल्या मायेखाली घेतलं. तो पेशव्यांच्या घरात वाढला, शस्त्रविद्या शिकला आणि १७६१ मध्ये पानिपतच्या जखमांनी मेला. त्याचे वंशज पुढे बांद्याचे नवाब झाले. सवतीच्या मुलाला वाढवणाऱ्या त्या बाईच्या मनात काय चाललं असेल, हे लिहून ठेवावंसं कुणाला वाटलं नाही. 'राऊ' आम्ही कॉलेजात असताना एका बैठकीत वाचून संपवली होती. खरं सांगायचं तर तेव्हा आम्हीसुद्धा सहाजणींसारखे मस्तानीच्याच बाजूचे होतो.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो, तेव्हा भाड्याची गाडी करून पाबळ आणि चास एकाच दिवसात केलं. पाबळला मस्तानीची कबर. कुणी तिला समाधी म्हणतं, कुणी मजार. आम्ही गेलो तेव्हा दोन कॉलेजची जोडपी फोटो काढत होती. तिथून राजगुरुनगरमार्गे चास, काशीबाईंचं माहेर. भीमेकाठी त्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं सोमेश्वराचं देऊळ आहे. दगडी काम असं की आमच्यासारख्या स्ट्रक्चरलवाल्याने हात फिरवत राहावं. त्या दुपारी तिथे आम्ही दोघं, एक झाडलोट करणारी आजी आणि कबुतरं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, इथं कोण येतंय? पिच्चरवालं समदं पाबळला जातंय."

हे सगळं तीनशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या इथल्या एका परिचितांची आठवण पाठ सोडत नाही. मनुष्य हुशार, दिलदार. बायको देशात, सासूसासऱ्यांचं करायला राहिलेली. ते इकडे दुसऱ्या एका बाईंबरोबर राहत. मंडळात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. ते आजारी पडले, तेव्हा केमोच्या वाऱ्या त्या बाईंनीच केल्या. गृहस्थ गेले आणि मग कागद बाहेर आले. अंत्यविधीच्या कागदावर सही बायकोची. ४०१-के चे पैसे बायकोचे. इथला कायदा असा की बायकोच्या लेखी संमतीशिवाय तिथे दुसरं नाव घालताच येत नाही. त्यांनी दुसरंही काही लिहून ठेवलेलं नव्हतं. आयुष्यभर आम्हाला 'डॉक्युमेंटेशन करा' म्हणून बजावणारा माणूस! म्हणजे बाजीरावांनी निदान तीन गावं तरी दिली होती.

फ्युनरल होममध्ये त्या बाई अगदी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. कुणी त्यांच्या शेजारी बसलं नाही. आम्हीही बसलो नाही, हे कबूल करतो. विधी आटोपल्यावर पत्नी उठल्या. रात्रभराच्या विमानप्रवासाने चुरगळलेली साडी तशीच. सरळ मागे गेल्या. सगळ्यांचा श्वास अडकला. आता काय होतं, म्हणून सौ.ने आमचा हात घट्ट धरला.

त्यांनी विचारलं, "शेवटी शेवटी जेवत होते का हो?"

"वरणभात," त्या बाई म्हणाल्या. "वर लिंबू पिळून दिलं तर चार घास जायचे."

पत्नी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.