चार दारं आणि एक ‘खट्’

आमच्या दारात जी पांढरी मारुती ८०० उभी असते, तिला गल्लीतली मुलं ‘आजी’ म्हणतात. २००९ चं मॉडेल. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा ‘आता काढून टाका भंगारात’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण आम्ही आरटीओत नेऊन, फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. एक तर ह्यांच्या पगारात नवी गाडी बसत नाही, आणि दुसरं म्हणजे मला हीच चालवता येते! बचतगटाच्या बायकांना बँकेत न्यायचं, कुणाच्या सासूला डोळ्यांच्या शिबिराला पोचवायचं, पापडाची पोती प्रदर्शनाला न्यायची, सगळं हिच्यातूनच.

अशा गाडीला रिमोट बसवायचं मी काढलं, तेव्हा हे पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणाले, “बुढी घोडी, लाल लगाम!”

मग मी त्यांना दहा सेकंदांची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते. ज्या बाईची ही गोष्ट आहे तिला विचारूनच लिहिते आहे, फक्त नाव-गाव सांगणार नाही.

रात्रीचे साडेदहा झाले असतील. हे कामानिमित्त धुळ्याला गेलेले. मोबाइल वाजला. आमच्या एका गटातली बाई. आवाज अगदी दबलेला. “ताई, आज न्या मला.” एवढंच. तिचा नवरा प्यायला की हात उचलतो, हे आम्हाला माहीत होतं. “पुढच्या वेळी थांबू नकोस, फोन कर,” असं मीच तिला सांगून ठेवलेलं. चाळीसगावपासून तिची वस्ती गाडीने पंधरा मिनिटांवर. गेले. गाडी कोपऱ्यावर लावली, तिला बघायला खाली उतरले आणि सवयीने चारी दारं बंद करून किल्ली पर्समध्ये टाकली. कुठली सवय कधी अंगाशी येईल, सांगता येत नाही!

ती पळतच आली. कडेवर पाच वर्षांचा मुलगा. मागून नवऱ्याचा आवाज. ती थेट गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी उजवीकडे. अंधारात पर्समध्ये किल्ली सापडेना. सापडली तर कुलपाचं भोक सापडेना. माझं दार उघडलं, आत बसले, आणि मागे वळून तिच्या दाराची खुंटी वर ओढायला गेले, तर ती वर येईचना. कारण बाहेरून ती बिचारी हँडल ओढून धरून उभी होती! हँडल ओढलेलं असलं की आमच्या गाडीची खुंटी अडकते. “सोड! हँडल सोड आधी!” मी ओरडले. तिने सोडलं, मी खुंटी उचलली, दोघं आत आली. तेवढ्यात तो पोचला आणि पुढच्या दारावर थापा मारू लागला. ते दार बंदच होतं, म्हणून बरं. गाडी काढली, मुख्य रस्त्याला लागल्यावर ११२ ला फोन केला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या सखी केंद्रात, मग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज... ते सगळं पुढे रीतसर झालं.

पण ती दहा सेकंदं माझ्या डोक्यातून जाईनात. मीच तिला बोलावलं होतं आणि माझ्याच गाडीच्या दाराबाहेर ती उभी होती.

गोष्ट ऐकून हे हसायचे थांबले. “किती खर्च येईल?” एवढंच विचारलं.

मारुतीची पहिली ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ ला विकली गेली, तेव्हा इंदिरा गांधींनी स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली दिली होती. तो फोटो आजही पाहायला मिळतो. तिकडे फ्रान्समध्ये रेनॉ कंपनीने आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, ‘फ्युएगो’ नावाच्या गाडीला रिमोटने उघडणारी दारं दिली होती. आमच्या आजीपर्यंत काही तो शोध पोचला नाही. तिच्या काचासुद्धा हँडल फिरवूनच खाली करायच्या.

जुन्या गाडीला रिमोट बसवायचा म्हणजे खरं तर दोन वेगळी कामं असतात, हे मला दुकानात गेल्यावर कळलं. आधी चारी दारांची कुलपं एकत्र हलायला हवीत, त्याला सेंट्रल लॉक म्हणतात. आणि त्यांना लांबून हुकूम देणारा तो रिमोट. प्रत्येक दाराच्या आत बोटभर लांबीच्या दांड्याची एक छोटी मोटर बसवतात. तो दांडा आपल्या खुंटीच्या तारेला जोडतात. मोटरने ढकललं की कुलूप लागलं, ओढलं की उघडलं. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरला पाच वायरी आणि बाकीच्यांना दोन-दोनच. कारण ड्रायव्हरचं दार नुसतं हुकूम पाळत नाही, इतरांना सोडतंही! म्हणजे किल्लीने ते एक दार उघडलं तरी बाकीची तिन्ही उघडतात. (आमच्या घरी कोण ड्रायव्हरचं दार आहे, ते विचारू नका.)

दुकानातला मिस्तरी विशीतला पोरगा. मी स्टूल घेऊन तिथेच बसले. शिवणाच्या क्लासमध्ये जशा बसतो तशी, हात बघत. “काकू, चार तास लागतील, घरी जाऊन या,” तो दोनदा म्हणाला. मी काही हलले नाही. आणि बरंच झालं. मोटरची जागा ठरवण्याआधी त्याने काच पूर्ण खाली करून पाहिली, कारण काच दाराच्या पोटातच उतरते, मोटर मधे आली तर अडकणार. दारातून गाडीत वायर नेण्यासाठी पत्र्याला भोक पाडावं लागलं. त्या भोकात रबराची चकती बसवायला तो विसरत होता, ती मी मागून घेतली. साधी गोष्ट आहे हो, दार दिवसातून वीस वेळा उघडतं-मिटतं, पत्र्याची धार वायरीला कापणारच. तसंच डोअर पॅडच्या मागे एक प्लास्टिकचा कागद असतो, तो फाडून फेकायचा नाही, परत चिकटवायचा. नाही तर पावसाळ्यात काचेवरून उतरणारं पाणी पॅडमध्ये मुरतं. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला फ्यूज हवाच, तिथे तडजोड नाही. आणि कुलपं गंजलेली, जड झालेली असतील तर आधी साफ करून तेल-ग्रीस, मगच मोटर. त्या इवल्याशा मोटरच्या अंगात फार जोर नसतो.

रिमोट घेताना ‘रोलिंग कोड’ आहे का, हे जरूर विचारा. अगदी स्वस्तातले रिमोट दर वेळी एकच ठरलेला आकडा हवेत पाठवतात. तो कुणी यंत्राने टिपून ठेवला तर त्याला तुमची गाडी उघडता येते. रोलिंग कोडवाला दर वेळी नवा आकडा पाठवतो. आणखी एक, बटण दाबल्यावर चारी दारं उघडावीत की फक्त आपलं, हाही विचार करा. काही संचांत ते ठरवता येतं. रात्री एकटीने गाडीकडे जाणाऱ्या मुलीला एकच दार उघडलेलं बरं, पलीकडून दुसरं कुणी आत शिरायला नको. मी मात्र चारी दारांचं घेतलं. कारण तुम्हाला ठाऊकच आहे.

साडेतीन हजार झाले, मजुरी धरून. पहिल्या दिवशी ते ‘खट्’ ऐकायला मी कारण नसताना तीनदा अंगणात गेले, हे कबूल करते!

पण कौतुक इथेच थांबवते. तीन आठवड्यांनी याच रिमोटने मला घाम फोडला.

एप्रिल. खानदेशातला एप्रिल म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या मैत्रिणींना सांगायला नको. धाकट्या जावेची चार वर्षांची लेक बरोबर होती. बाजारातून निघताना रिमोटने गाडी उघडली, मागचं दार उघडून तिला आत बसवलं. भाजीची पिशवी ठेवायची म्हणून किल्ली आणि रिमोट तिच्या शेजारी सीटवर टाकले, दार लावलं आणि वळसा घालून माझ्या दाराकडे निघाले. वाटेत ओळखीच्या एक बाई भेटल्या. दोन वाक्यंच बोलले असेन. तेवढ्यात मागून ‘खट्’!

चारी दारं बंद. पोरगी आत, किल्ली आत, आणि बाहेर बेचाळीस अंश.

आधी कळेचना काय झालं. काचेतून तिला खुंटी दाखवली, “वर कर बाळा, वर!” तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिली. पण मोटर जोडल्यापासून खुंट्या थोड्या घट्ट झालेल्या, चार वर्षांच्या बोटांना जमेना. ती रडायला लागली. माझ्या जिवाचं पाणी पाणी. ह्यांना फोन केला, “दुसरी किल्ली घेऊन निघा.” भाजीवाल्या मावशींनी वजनाचं माप उचललं, “फोडू का काच?” मी म्हटलं, “एक मिनिट थांबा.” आणि काचेला तोंड लावून पोरीला सीटवरचा रिमोट दाखवला. तिने उचलला. बटण दाबलं. चुकीचं. पुन्हा चुकीचं. तिसऱ्यांदा मी बोटाने दाखवलं, “ते नाही, त्याच्या खालचं...” आणि खट्! हँडल मी धरूनच ठेवलं नव्हतं, हे नशीब. मागच्या वेळचा धडा लक्षात होता. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. तिचा फ्रॉक घामाने पार भिजलेला.

२००५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं होतं. बाहेर साधारण २२ ते ३५ अंश असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढतं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवल्यानेही फारसा फरक पडत नाही. आमच्याकडे तर सुरुवातच चाळिशीपासून!

तशीच दुकानात गेले. झालं होतं असं, की या यंत्राला एक शहाणपणा शिकवलेला असतो. रिमोटने उघडल्यावर तीस सेकंदांत कुणी दार उघडलं नाही, तर ते समजतं की बटण चुकून दाबलं गेलंय आणि स्वतःच कुलूप लावतं. पण दार उघडलं हे त्याला कळणार कसं? दाराच्या फटीतल्या, दिवा लावणाऱ्या बटणावरून. आमच्या आजीला तसं बटण फक्त पुढच्या दारांना. मी उघडलं होतं मागचं. म्हणजे यंत्राच्या लेखी कुणी दार उघडलंच नव्हतं! हे मला बसवताना कुणी सांगितलं नाही, आणि चार तास स्टुलावर बसून मीही विचारलं नाही. पोरगा ओशाळला. “काकू, कुणी विचारतच नाही हो.” त्याने ती सोय बंद करून दिली. मी तिथेच मागचं दार उघडून, लावून, घड्याळात पाहत दोन मिनिटं उभी राहिले. नाही लागलं कुलूप.

तेव्हापासून दुसरी किल्ली घरातल्या खुंटीवर नाही, माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते. रिमोट गळ्यातल्या दोरीत. शाळकरी मुलांच्या ओळखपत्रासारखा दिसतो, दिसू दे. आणि महिन्यातून एकदा दार मुद्दाम किल्लीनेच उघडते. गाडीची बॅटरी उतरली किंवा रिमोटचा सेल संपला, तर त्याच भोकाशी गाठ आहे. ते गंजायला नको.

ती बाई आता तिच्या बहिणीकडे राहते. कोर्टाच्या तारखेला मीच तिला नेते. मी अजून पर्स सावरत पायऱ्या उतरत असते, तोवर ती मागच्या डाव्या दाराशी जाऊन उभी राहिलेली असते, हँडलला हात न लावता. मुलगा मात्र माझ्याकडे पळत येतो. बटण त्यालाच दाबायचं असतं.