खांदा सांभाळा, मग चेंडू फेका



रविवारी सकाळी आठच्या सुमारास बोईसरच्या आमच्या वस्तीतल्या मोकळ्या जागेत आलात, तर तुम्हाला एक आवाज ऐकू येईल : "अगं, हात खालून! खालून!" तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या, पालघरला घरकामाला जाणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाया आणि कॉलेजच्या मुली मिळून आम्ही सॉफ्टबॉल खेळतो. पालघरच्या दोन-तीन वस्त्यांतल्या संघांशी आमचे सामने होतात. कप नाही, बक्षीस नाही. हरलेल्यांनी चहा पाजायचा, एवढाच नियम.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि आता वस्तीतच आरोग्याचं काम करतो. म्हणून आरोग्याच्या पानावर खेळाचं का लिहिता, असं कुणी विचारू नये. चाळिशीच्या आतच "गुडघा धरला, पाठ धरली" म्हणणाऱ्या आपल्या बायकांना गोळीइतकीच खेळाची गरज आहे.

सॉफ्टबॉल आपल्याला परका नाही. महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांत तो आहे. महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा असणार आहे. पण आपल्या मुलींचा खेळ दहावीला नाही तर लग्नाला थांबतो. तो पुढे चालू ठेवायचा असेल तर सर्वांना जमेल अशी फेक हवी.

या खेळात चेंडू नेहमी खालून फेकतात. त्याचे तीन प्रकार. स्लो पिचमध्ये चेंडू उंच कमानीत जातो. फास्ट पिचमध्ये हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवतात; चेंडू इतका जोरात येतो की नवशिकीला तो दिसतच नाही. मधला प्रकार मॉडिफाइड पिच. यात पूर्ण गोल फिरवणं नाही, आणि हात मागे उंच ओढून गोफणीसारखा सोडणंही नाही. हात घड्याळाच्या लंबकासारखा मागे जातो आणि तसाच पुढे येतो. चेंडूला वेगही राहतो आणि समोरच्या बाईला बॅटही लावता येते. सगळ्यांना पळायला मिळतं, म्हणून हौशी सामन्यांना हा प्रकार बरा.

शिकायचं कसं? चेंडू बारा इंच घेराचा असतो, मुठीत मावत नाही. तळव्यात दाबू नका. शिवणीवर तीन बोटं आडवी आणि समोरून अंगठा, असा बोटांत धरा. दोन्ही पाय पट्टीवर ठेवून, चेंडू दोन्ही हातांत पुढे धरून क्षणभर स्थिर उभ्या राहा. एक श्वास घ्या. मग हात सरळ रेषेत मागे न्या आणि मांडीला घासून जाईल इतक्या जवळून पुढे आणा. त्याच वेळी उलट्या बाजूचा पाय बॅटरच्या दिशेने एक पाऊल टाका. चेंडू सोडताना कंबर आणि खांदे समोर असू द्या, आणि चेंडू मनगटाच्या बाहेर जाऊ देऊ नका. कमरेजवळ मनगटाला झटका देऊन चेंडू सोडा, हात मात्र पुढे जाऊ द्या. तिथेच रोखू नका. जोर पायातून आणि मनगटातून येतो. खांद्याने ढकलायला गेलात की चेंडूही भरकटतो आणि खांदाही दुखतो.

भिंतीवर खडूने चौकट आखा : खाली गुडघ्याची उंची, वर काखेची. तेवढ्यात बसला तो चेंडू चांगला. सुरुवात वीस फुटांवरून करा. दहातले सहा-सात चौकटीत बसायला लागले की पाच-पाच फूट मागे सरा. बायकांच्या मोठ्या सामन्यांत हे अंतर ४३ फूट असतं. आम्ही ३५ वर खेळतो आणि आमचं काही अडत नाही.

ही सवयीची गोष्ट आहे. पळवणकर बाळूंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. चर्मकार समाजातला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करायचा आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचा. त्यातूनच त्यांचा हात तयार झाला. हिंदूंच्या संघात घेतलं, पण चहा बाहेर आणि मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हेही खरं. पण त्या हाताची मेहनत नाकारता येत नाही.

आता आमची चूक सांगतो. आमच्या संघात एक ताई आहे, कंत्राटावर पॅकिंगचं काम करते. दिवसभर खोकी उचलायची आणि संध्याकाळी भिंतीवर शंभर-सव्वाशे चेंडू मारायची. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं म्हणाली. सामना चार दिवसांवर होता. आम्ही म्हटलं, "बाम लाव, सामना होऊ दे, मग बघू." ती खेळली, आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी तिला हात वर करून केसही विंचरता येईनात. तीन आठवडे हजेरी बुडाली. तिची सासू आम्हाला एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही तर नर्स होता ना?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खालून फेकल्याने खांद्याला काही होत नाही, हा समज खोटा आहे. दंडाचा स्नायू खांद्याला जिथे जोडलेला असतो, तिथेच ताण येतो. आपल्या बाईचा खांदा गेला तर खेळ नंतर जातो, आधी हजेरी जाते. म्हणून आता आमचे नियम असे आहेत :

फेकण्याआधी दहा मिनिटं चालणं आणि हात हलके फिरवणं. पहिले दहा चेंडू निम्म्या जोराने.

नवशिकीने दिवसाला तीसच चेंडू, आणि दोन सरावांत एक दिवस आराम. कामावर जड उचललं असेल तर त्या दिवशी फेकायचं नाही. पिचर दोघी-तिघी तयार करायच्या, सगळा भार एकीवर नको.

दुखलं की थांबायचं. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं लावायचा. ताज्या दुखण्यावर जोरात मालीश नको, आणि दुखण्याची गोळी खाऊन खेळणं तर मुळीच नको. रात्री दुखून झोप मोडत असेल, हात वर जात नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर सरकारी रुग्णालयात दाखवायचं.

दम लवकर लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्त तपासा. बायकांचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो अशक्तपणा. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

किनाऱ्याची हवा दमट, घाम खूप जातो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून सोबत ठेवा. चमचा चहाचा. कारखान्यांचा उग्र वास येऊन डोळे चुरचुरत असतील, त्या दिवशी सराव बंद.

पिचर बॅटरच्या समोरच उभी असते, परत येणारा चेंडू तोंडावर बसू शकतो. तोंडाला जाळीचा मास्क हवाच. आम्ही वर्गणी काढून दोन घेतले, एक कॅचरला आणि एक पिचरला.

आणखी एक. त्या ताईचं ईएसआयचं कार्ड पेटीत पडून होतं. कंत्राटी कामगारालाही ईएसआय लागू होतो. वर्गणीचे दिवस पुरेसे भरले असतील, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. हे तिला माहीत नव्हतं, आणि आम्हीही वेळेवर विचारलं नाही. तुम्ही आजच घरातली कार्डं बाहेर काढून बघा.

ताई दोन महिन्यांनी परत आली. आता वीस फुटांवरून, तीसच चेंडू. मोजायला तिची सासू बसते. तिसावा पडला की ती खुर्चीतून उठते आणि चेंडू पदरात घेऊन घरी निघते.