'माय फेअर लेडी' : एका फुलवालीच्या वाणीची कथा

हॉलिवूडच्या संगीतमय प्रेमकथांमध्ये 'माय फेअर लेडी' या चित्रपटाचे स्थान अढळ आहे. जॉर्ज क्यूकर दिग्दर्शित हा चित्रपट १९६४ साली प्रदर्शित झाला. ऑस्करच्या १२ नामांकनांपैकी सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता यांसह ८ पुरस्कार त्याने पटकावले. वरवर पाहता ही एका प्राध्यापकाची आणि त्याच्या शिष्येची प्रेमकहाणी आहे. मात्र माणसाची पत त्याच्या बोलीवरून ठरावी काय, हा तिच्या गाभ्याचा प्रश्न आहे.

या कथेचे मूळ ग्रीक पुराणकथेत आहे. पिग्मॅलियन हा शिल्पकार स्वतःच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी हे नाव घेऊन लिहिलेले नाटक १९१३ साली व्हिएन्नात आणि १९१४ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन परिसरात फुले विकणारी एलायझा डूलिटल कॉकनी बोली बोलते. ध्वनिशास्त्राचे प्राध्यापक हेन्री हिगिन्स काही महिन्यांत तिला उमराव स्त्रीसारखे बोलायला शिकवण्याची पैज स्वीकारतात. ही पैज लावणारे कर्नल पिकरिंग हे भारतीय भाषांचे अभ्यासक असून हिगिन्स यांना भेटण्यासाठी भारतातून आलेले आहेत.

ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोवी या जोडीने या नाटकाला संगीतिकेचे रूप दिले. १५ मार्च १९५६ रोजी ब्रॉडवेवर सुरू झालेल्या या संगीतिकेचे १९६२ पर्यंत २,७१७ प्रयोग झाले. रेक्स हॅरिसन आणि ज्यूली अँड्र्यूज यांच्या भूमिका कमालीच्या लोकप्रिय ठरल्या. वॉर्नर ब्रदर्सचे प्रमुख जॅक वॉर्नर यांनी ५५ लाख डॉलर मोजून चित्रपटाचे हक्क मिळवले. एवढी मोठी रक्कम गुंतवल्यावर त्यांना पडद्यावर प्रस्थापित तारका हवी होती. त्यामुळे चित्रपटात नवख्या असलेल्या अँड्र्यूज यांना डावलून ऑड्री हेपबर्न यांची निवड झाली.

हेपबर्न यांनी गायनाचा कसून सराव केला होता. तरीही त्यांची बहुतेक गाणी अखेर मार्नी निक्सन यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करण्यात आली आणि निक्सन यांचे नाव श्रेयनामावलीत आले नाही. भारतीय प्रेक्षकांना पार्श्वगायनाचे नवल नाही. येथे गायक-गायिकांना स्वतंत्र मानाचे स्थान आहे. हॉलिवूडमध्ये मात्र ही गोष्ट झाकून ठेवण्याची रीत होती. दुसऱ्याच्या वाणीत बोलायला शिकणाऱ्या मुलीच्या या कथेत नायिकेलाच दुसरीचा आवाज मिळाला, हा विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. हेपबर्न यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले नाही. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान 'मेरी पॉपिन्स'साठी ज्यूली अँड्र्यूज यांना मिळाला.

चित्रपटाच्या शेवटाविषयी आजही चर्चा होते. शॉ यांना एलायझा आणि हिगिन्स यांचे मीलन मान्य नव्हते. प्रेक्षकांचा आग्रह मोडून काढण्यासाठी त्यांनी १९१६ साली नाटकाला उपसंहार जोडला आणि एलायझाचा विवाह फ्रेडी या तरुणाशी होतो, असे स्पष्ट केले. चित्रपटात मात्र ती हिगिन्स यांच्या घरी परतते आणि ते तिच्याकडे आपल्या सपाता मागतात. याला प्रेम म्हणावे की हुकमत, हे प्रेक्षकाने ठरवायचे. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये २०१८ साली झालेल्या पुनरुज्जीवनात एलायझा अखेरीस घर सोडून निघून जाते.

या कथेला भारतीय भाषांनीही आपलेसे केले. पु. ल. देशपांडे यांनी शॉ यांच्या नाटकावरून लिहिलेले 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आले. भक्ती बर्वे यांनी साकारलेली मंजुळा मराठी रसिकांच्या मनात घर करून राहिली. गुजरातीत मधु राय यांच्या 'संतु रंगीली'मध्ये सरिता जोशी यांनी ही भूमिका गाजवली, तर हिंदीत बासू चटर्जी यांचा 'मनपसंद' १९८० साली आला. प्रत्येक रूपांतरात बोली बदलली, वस्ती बदलली. पण 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' भाषेच्या नावाखाली माणसामाणसांत उभी राहणारी भिंत तीच राहिली. मराठीत तर ती प्रेक्षकांच्या विशेष ओळखीची होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २०१८ साली या चित्रपटाचा समावेश करण्यात आला. सेसिल बीटन यांची देखणी वेशभूषा आणि अवीट गोडीची गाणी हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण. पण त्याला खरे दीर्घायुष्य दिले ते एलायझाच्या एका जाणिवेने. स्त्री फुलवाली आहे की उमराव, हे तिच्या वागण्यावरून नव्हे, तर लोक तिला कसे वागवतात यावरून ठरते, असे ती पिकरिंग यांच्या सौजन्याकडे बोट दाखवून सांगते. प्राध्यापकांनी तिला उच्चार शिकवले. माणुसकीचा धडा मात्र त्यांनाच तिच्याकडून घ्यावा लागतो.