समजून घ्या : ग्रेट व्हाइट शार्क खरंच माणूस खातो का? अन् पैनगंगेत शार्क येऊ शकतो का?

ढाणकी (जि. यवतमाळ) : फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणावर शार्कने हल्ला केला. त्याच्या पायाला गंभीर दुखापत झाली. समुद्रापासून आत, नदीच्या पाण्यात शार्क आला कसा, हा प्रश्न तेव्हा राज्यभर विचारला गेला. ढाणकीपासून अरबी समुद्र सुमारे ५०० किलोमीटर लांब; पण तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. म्हणून हा प्रश्न इथेही पडू शकतो.

वैतरणेतला शार्क कोणता?

तो सिनेमातला ग्रेट व्हाइट नव्हे, तर बुल शार्क असल्याचा अंदाज आहे. शरीरातील क्षारांचे प्रमाण सांभाळता येत असल्याने बुल शार्क गोड्या पाण्यातही जगतो. ग्रेट व्हाइटला ते जमत नाही.

मग पैनगंगेत?

पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. मात्र समुद्राजवळच्या धवलेश्वरमपासूनच वाटेत बंधारे आहेत. त्यामुळे शार्क इथवर पोहोचण्याची शक्यता जवळपास नाही. ‘नदीत शार्क’ असा व्हिडिओ आला तर आधी तो कुठला आहे ते तपासा, मगच पुढे पाठवा.

ग्रेट व्हाइट राहतो कुठे?

दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅलिफोर्निया अशा तुलनेने थंड पाण्याच्या किनाऱ्यांवर. आपल्या किनाऱ्यावर त्याचा नियमित वावर नाही. पण प्रवास अफाट! ‘निकोल’ नावाची मादी नोव्हेंबर २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून निघाली आणि ९९ दिवसांत ऑस्ट्रेलियाला पोहोचली. नऊ महिन्यांच्या आत ती परतलीही. एकूण अंतर २० हजार किलोमीटरहून जास्त.

शिकार कशी करतो?

बहुतेक माशांचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. ग्रेट व्हाइट मात्र स्नायूंत तयार झालेली उष्णता शरीरात राखतो, त्यामुळे थंड पाण्यातही वेगाने झेपावतो. नाकाडावरील बारीक छिद्रांतून त्याला इतर प्राण्यांच्या शरीरातील सूक्ष्म विद्युत संकेत कळतात. लहानपणी तो मासे खातो. तीन मीटरच्या पुढे वाढला की सीलसारखे प्राणीही पकडतो.

माणूस खातो का?

माणूस हे त्याचे नेहमीचे खाद्य नाही. अनेकदा तो एकदा चावा घेऊन सोडून देतो. पण तो चावाही जीवघेणा ठरू शकतो. फ्लोरिडा विद्यापीठातील नोंदींनुसार २०२३ मध्ये जगभरात सर्व जातींच्या शार्कनी चिथावणीशिवाय केलेले हल्ले होते ६९. त्यांत १० जणांचा मृत्यू झाला.

खरा धोका कोणाला?

शार्कला. ग्रेट व्हाइट ७० वर्षांहून अधिक जगू शकतो, पण वयात यायला नराला सुमारे २६ आणि मादीला ३३ वर्षे लागतात. गर्भारपण वर्षभर किंवा त्याहून जास्त आणि पिल्ले मोजकीच. म्हणजे आज मारलेल्या मादीची जागा भरून निघायला एक पिढी जाते. १९७० पासून खुल्या समुद्रातील शार्क आणि रे माशांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली आहे. ओर्कासुद्धा यकृतासाठी ग्रेट व्हाइटची शिकार करतात. पण सर्वांत मोठे कारण मासेमारीच आहे.

महाराष्ट्रात काय?

कोकणात ‘मुशी’ म्हणून छोटे शार्क बाजारात येतात. विक्रीसाठी पकडलेल्या पिल्लांना वयात येण्याची संधीच मिळत नाही. शार्कच्या परांची निर्यात भारताने २०१५ मध्ये बंद केली. जगातला सर्वांत मोठा मासा असलेल्या व्हेल शार्कला २००१ पासून वाघाइतकेच कायदेशीर संरक्षण आहे. असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. म्हणजे मच्छीमाराच्या हातातला मोबाइल इथे शार्कच्या कामी येतो.